एक्सेल नेमकं कुठून शिकू? महिन्याचा हिशोब काढायला तीन रात्री जातात

बारदाना | ९ फेब्रुवारी, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. तासगाव तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र आहे, खतं औषधं बियाणं. बाबांनी सुरू केलेलं, सहा वर्षं झाली मी बसतोय. बिल सॉफ्टवेअरमधून निघतं पण उधारी कुणाकडं किती आणि कुठला माल किती गेला हे मी एक्सेलमधे वेगळं लिहितो, बाबांच्या वहीसारखंच. महिना संपला की शटर ओढायचं आणि बसायचं, शेजारी कॅल्क्युलेटर (हो, एक्सेल उघडं असताना कॅल्क्युलेटर, हसा हसा) आणि तीन रात्री घालवून जो आकडा येतो तो बाबांच्या वहीशी जुळत नाही तो नाहीच.

आता द्राक्षं निघायला लागलीत, लोकांच्या हातात पैसा येतोय, मार्चअखेर आलाय, आणि वसुलीला आधी कुणाच्या दारात जायचं हेच मला पटकन सांगता येत नाही. इथं एक क्लास आहे, ॲडव्हान्स एक्सेल, तीन महिने सहा हजार. घरी सांगितलं तर बायको म्हणाली एमएससीआयटी केलीस तेव्हा काय केलंस. तर प्रश्न असा की आधी काय शिकू? व्हीलुकअप? मॅक्रो? पॉवर बीआय म्हणतात ते? एक्सेल २०१६ आहे, भाच्यानं टाकून दिलेलं.

पिवटपंत | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३१

सहा हजार वाचवा. पिवट टेबल शिका, ओळींची गावावार महिनावार हवी तशी बेरीज एक्सेल स्वतः मांडून देतं ते. बाकी सगळं नंतर. एका दुपारचं काम आहे, यूट्यूबवर हिंदी मराठी हवं तितकं पडलंय.

रिकामटेकडा७७ | ९ फेब्रुवारी, रात्री ११:३४

पंत आले. आता लग्न जमत नाही म्हणून धागा काढला तरी हे पिवट टेबलच सांगणार.

चिंगी_डेटावाली | १० फेब्रुवारी, सकाळी ८:५०

बारदाना, मी पुण्यात ॲनालिस्ट म्हणून काम करते, दिवसभर हेच. मॅक्रो आणि पॉवर बीआय सध्या विसरा. पण पंतांचं पण अर्धंच खरं आहे, कारण पिवट चालायला खाली डेटा तसा लागतो. क्लासबिसचं नंतर बघू, आधी हे सांगा की तुमची फाईल दिसते कशी? लोकांची नावं आकडे नकोत, फक्त वर रकाने कुठले आहेत, शीट किती आहेत, एका ओळीत काय येतं तेवढंच.

बारदाना | १० फेब्रुवारी, दुपारी २:१५

दर महिन्याला एक शीट. वर दुकानाचं नाव मोठं, सेल जोडून केलेलं, खाली गावाचं नाव (ते पण जोडून), मग त्या गावातले खातेदार. तारीख, नाव, माल, नग, रक्कम. जमा झालं की ओळ पिवळी करतो, अर्धं जमा असेल तर हिरवी. गाव संपलं की बेरीज, मग पुढचं गाव. तारीख मी पटकन म्हणून ५.१० अशी टिंब देऊन लिहितो. माल एका बिलाचा एकाच सेलमधे, म्हणजे "डीएपी २, युरिया ५, गंधक" असं.

पिवटपंत | १० फेब्रुवारी, दुपारी २:२२

अरे देवा.

लोटसकाका | १० फेब्रुवारी, दुपारी ४:०५

पंत, देवाला बोलावू नका, आपण सगळेच असं करत होतो. मी बँकेतून रिटायर्ड, लोटस १-२-३ वर (एक्सेलच्या आधीचं स्प्रेडशीट) हात बसलेला माणूस. स्प्रेडशीट हा प्रकारच १९७९ साली व्हिसिकॅल्कनं ॲपल टू वर आणला तो कागदी लेजरची नक्कल म्हणून, उभ्या आडव्या रेघा आणि खाली बेरीज. त्यामुळं माणूस वहीसारखं लिहिणारच. तुमच्या बाबांची वही वाचायला केलेली आहे बारदाना, आणि वाचायला ती उत्तमच असणार. पण कॉम्प्युटरला वाचायला द्यायची तर मथळा, गाव, बेरीज, रंग ह्यातलं काहीच त्याला कळत नाही. त्याला फक्त ओळ कळते.

खतावणी | १० फेब्रुवारी, रात्री ९:४०

मी कोल्हापूरला तीन चार दुकानांचे हिशोब लिहिते, त्यात एक खताचंच दुकान आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एक ओळ म्हणजे एक माल. बिलात तीन वस्तू असतील तर तीन ओळी, आणि तिन्ही ओळींवर तारीख बिल नंबर खाते कोड परत परत. हे लिहिताना हात दुखतो आणि वाटतं हा काय वेडेपणा, पण "डीएपी २, युरिया ५" हे एका सेलमधे असेल तर यावर्षी डीएपी किती गेलं हे जगातला कुठलाही फॉर्म्युला तुम्हाला धड सांगणार नाही. सगळे महिने एकाच शीटवर, एकाखाली एक. मधे बेरीज नाही, मोकळी ओळ नाही, जोडलेले सेल तर अजिबात नाहीत, ते असले की सॉर्ट पण नीट होत नाही. आणि जमा ही वेगळी नोंद, वेगळ्या शीटवर: तारीख, खाते कोड, रक्कम, रोख का फोनपे.

मग दोन छोट्या याद्या. एक खातेदारांची: कोड, नाव, गाव, मोबाईल. दुसरी मालाची: कोड, नाव, प्रकार (खत, बुरशीनाशक, कीटकनाशक, बियाणं), कंपनी. एकदा केल्या की संपलं, गाव आणि प्रकार प्रत्येक बिलाला लिहायचे नाहीत, ते कोडवरून व्हीलुकअप आणतो. कोड का म्हणाल तर एकेका गावात एकाच नावाचे चार चार पाटील असतात आणि एकच पाटील कधी पाटील कधी पाटिल कधी नुसता पा. असतो. तुम्हाला कळतं, एक्सेलला ती तीन माणसं वाटतात.

हे झाल्यावर पंतांचं पिवट. तोवर नाही.

बारदाना | १० फेब्रुवारी, रात्री १०:०२

ताई, म्हणजे दहा महिन्यांचं सगळं परत टाईप करायचं? साडेचारशेच्या आसपास खाती आहेत ओ.

खतावणी | १० फेब्रुवारी, रात्री १०:२०

बिल सॉफ्टवेअरमधे आयटमवार सेल्स रजिस्टर असतंच की. ते एक्सेलला एक्स्पोर्ट करा, माल नग रक्कम सगळं ओळीनं मिळेल. तुमच्या शीटमधनं फक्त जमा काढायची.

टॅली असेल तर एक सांगून ठेवते, त्यातनं आलेल्या आकड्यांपुढं डेबिट क्रेडिटची जी अक्षरं दिसतात ती सेलमधे नसतात, तो नुसता फॉरमॅटचा मुलामा असतो. बेरीज मारली की नावे आणि जमा सगळं एकत्र होतं आणि माणूस डोकं धरून बसतो. मी एकदा एक अख्खा रविवार त्यात घालवलाय.

चिंगी_डेटावाली | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:०५

टिंबाच्या तारखांबद्दल कुणीच कसं बोललं नाही! बारदाना, ५.१० लिहिलं की एक्सेल ते दशांश समजतं आणि शेवटचं शून्य खातं, उरतं ५.१. म्हणजे तुमचा पाच ऑक्टोबर आणि पाच जानेवारी आता एकच आहेत.

बारदाना | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

🤦 आत्ता उघडून बघितलं. खरंच ५.१ आहे. बाबांच्या वहीशी जुळत नव्हतं ते का आता कळलं. गेला का सगळा डेटा?

चिंगी_डेटावाली | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

नाही गेला. महिनावार शीट केल्याचा इथे चक्क फायदा. टिंबाच्या आधीचा आकडा म्हणजे दिवस, तो इंट फंक्शननं मिळतो, आणि महिना शीटच्या नावात आहेच. डेट फंक्शनला वर्ष महिना दिवस दिले की खरी तारीख तयार.

सगळी शीट एकत्र करायला पॉवर क्वेरी वापरा. २०१० आणि २०१३ ला ते वेगळं डाउनलोड करायला लागायचं, तुमच्या २०१६ मधे डेटा टॅबवर आतच आहे, गेट अँड ट्रान्सफॉर्म नावानं. फाईल दाखवायची, ते सगळी शीट एकाखाली एक लावतं आणि शीटचं नाव वेगळ्या रकान्यात देतं, महिना तिथून घ्या. फक्त रकान्यांची नावं सगळ्या शीटवर अगदी तीच पाहिजेत, एकीकडे नग आणि दुसरीकडे संख्या असं असेल तर ते दोन वेगळे रकाने करतं.

आणि हे सगळं फाईलच्या कॉपीवर. मूळ फाईल पेनड्राईव्हवर टाका आणि तो बायकोकडे द्या.

बारदाना | ११ फेब्रुवारी, सकाळी ९:४१

आणि पिवळं हिरवं? आठशेच्या वर ओळी असतील.

पिवटपंत | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:१०

रंगावर फिल्टर लागतो. फिल्टरच्या बाणावर क्लिक, फिल्टर बाय कलर, पिवळा निवडा. शेजारी नवा रकाना करा, त्यातले दिसणारे सेल सिलेक्ट करून अल्ट आणि अर्धविराम दाबा म्हणजे लपलेल्या ओळी सुटतात, मग "पूर्ण जमा" टाईप करून कंट्रोल एंटर. आठशे ओळी एका फटक्यात. पण हिरव्या ओळींना किती जमा झालं हे रंगाला माहीत नाही, ते वहीतच शोधायला लागेल. हे सगळं एकत्र करायच्या आधी करा, पॉवर क्वेरीत रंग येत नाहीत. आणि यापुढे रंग बंद, रंग म्हणजे डेटा नाही.

रिकामटेकडा७७ | ११ फेब्रुवारी, सकाळी १०:१५

पंत कधी नव्हे ते दोन ओळींच्या वर लिहून गेले, धागा सार्थकी लागला.

फोंडेकर | ११ फेब्रुवारी, दुपारी १:२०

माझं फोंड्याला हार्डवेअरचं दुकान. मी एक्सेल सोडून गूगल शीट्सवर आलो, फुकट आहे, मोबाईलवर चालतं, पोरगा काउंटरवरनं नोंद करतो ती मला घरी दिसते. एका फाईलला एक कोटी सेलची मर्यादा, आपल्यासारख्या दुकानदाराला आयुष्य जाईल भरायला. त्यातलं क्वेरी नावाचं फंक्शन शिकलो आणि पिवट सोडलं. नेट गेलं की मात्र बसून राहायचं, पावसात आमच्याकडे ते नेहमीचंच.

कुणी तरी एआयला विचारायचं सांगणार म्हणून मीच सांगतो. फॉर्म्युला विचारायला बरं आहे, पण गिऱ्हाइकांची नावं मोबाईल नंबर असलेली अख्खी फाईल तिथं चढवू नका. दोन खोट्या ओळी करून विचारलं तरी उत्तर तेच मिळतं.

लोटसकाका | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४५

मर्यादेवरून आठवलं. एक्सेलच्या जुन्या फाईलमधे ६५,५३६ ओळी मावायच्या, २००७ पासून नव्या फॉरमॅटमधे १०,४८,५७६ मावतात. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात कोरोनाचे रिपोर्ट कुणीतरी जुन्या फॉरमॅटच्या फाईलमधे ओतत होतं, फाईल भरली, पुढच्या ओळी गुपचूप गळाल्या आणि १५,८४१ रुग्ण काही दिवस मोजणीतच आले नाहीत. आपल्या दुकानात एवढ्या ओळी नसतात हे खरं, पण भाच्यानं दिलेली फाईल जुन्या फॉरमॅटची नाही ना हे बघून ठेवा.

आणखी एक गंमत, एक्सेल अजूनही १९०० हे लीप वर्ष मानतं. नव्हतं ते. ती चूक आमच्या लोटसची, लोटसच्या फायली जुळाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टनं ती तशीच घेतली आणि आजतागायत सांभाळली.

चिंगी_डेटावाली | ११ फेब्रुवारी, रात्री ८:३०

काका 😄 माझी आवडती गोष्ट जनुकांची. काही मानवी जनुकांची नावं इंग्रजीत सेप्ट १, मार्च १ अशी होती, एक्सेल त्यांची परस्पर तारीख करायचं. एक्सेल काही ऐकेना, शेवटी २०२० मधे शास्त्रज्ञांनी जनुकांचीच नावं बदलली.

बारदाना, हे तुमच्याही दुकानात होणार, औषधांच्या बॅच नंबरमधे. दोन-ई-पाच असा बॅच असेल तर एक्सेल त्याला दोन लाख समजतं. तेरा आकडी बारकोड पण ८.९ ई अधिक १२ असे आखडतात, आणि ती फाईल तशीच सीएसव्ही (नुसत्या मजकुराची फाईल) म्हणून सेव्ह केली की मूळ आकडे गेले ते गेलेच. तो रकाना आधी टेक्स्ट करायचा, मग भरायचा. पंधराच्या वर आकडे असले तर एक्सेल पुढचे सरळ शून्य करतं, काही बँकांचे खाते नंबर एवढे लांब असतात, सांभाळा.

बारदाना | १६ फेब्रुवारी, रात्री ११:५५

पाच दिवसांनी येतोय. सेल्स रजिस्टर काढलं, जमा वेगळी केली, टिंबाच्या तारखा दुरुस्त केल्या. कंट्रोल टी दाबून टेबल केलं, ते ताईंच्या दुसऱ्या एका धाग्यावर वाचलं होतं, आता खाली नवीन ओळ टाकली की फॉर्म्युला आपोआप उतरतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी अजून काळ्या केसांचा असतो.

बाबांनी खातेदारांची यादी मागं एकाकडून टाईप करून घेतली होती ती श्रीलिपीत निघाली, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधे. मला वाटलं मराठीच आहे, मंगल फॉन्ट लावला तर सगळं इंग्रजी अक्षरांचा चिवडा. म्हणून नावं नवीन भरली आणि कोड दिले. गावाच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि नंबर, साव०१२ म्हणजे सावळजचा बारावा.

पहिलं पिवट काढलं, गावं उभी महिने आडवे. दोन मिनिटं. दोन मिनिटं ओ!! ऑक्टोबर नोव्हेंबरला सावळज आणि मणेराजुरीत बुरशीनाशक कसलं गेलंय ते दिसलं, छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगाची भीती असते तेव्हाचं. माहीत होतंच पण आकडा असा समोर कधी बघितला नव्हता.

दोन अडचणी. व्हीलुकअप काही खात्यांना भलत्याच गावाचं नाव देतंय. आणि पिवटमधे तिमाही केली तर एप्रिल ते जून ही दुसरी तिमाही म्हणतंय.

पिवटपंत | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

तिमाहीचं: पिवट कॅलेंडर वर्ष धरतं. मूळ टेबलात आर्थिक वर्षाचा रकाना घाला. एडेट फंक्शननं तारीख तीन महिने मागं न्या आणि त्याचं वर्ष काढा. १५ फेब्रुवारी २०२५ तीन महिने मागं गेली की २०२४ येतं, म्हणजे २०२४-२५. तिमाही पण त्याच मागं नेलेल्या तारखेवरून.

व्हीलुकअपचं: चौथा भाग रिकामा सोडला असणार. तिथं फॉल्स किंवा शून्य लिहा. रिकामा सोडला की ते "अंदाजे जवळचं" शोधतं आणि यादी चढत्या क्रमानं नसेल तर काहीही उचलून देतं. एक्सलुकअपमधे ही भानगड नाही, पण तो २०२१ च्या आवृत्तीत आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ मधे आहे, तुमच्या २०१६ मधे नाही.

बारदाना | १७ फेब्रुवारी, सकाळी ७:४४

शून्य टाकलं. सगळी माणसं आपापल्या गावी गेली 🙏

खतावणी | १७ फेब्रुवारी, रात्री १०:१०

आता तुमचा मूळ प्रश्न, वसुलीला आधी कुणाकडं जायचं. त्यासाठी बाकी किती हे पुरत नाही, ती किती जुनी हे लागतं. चाळीस हजार मागच्या महिन्यातले आणि चाळीस हजार दोन वर्षांपूर्वीचे हे सारखे नाहीत.

अडचण ही की शेतकरी बिलानुसार पैसे देत नाही. येतो, पंधरा हजार ठेवतो, "लिही" म्हणतो आणि जातो. मग जुनं बिल आधी फिटलं असं धरायचं, पूर्वापार चालत आलंय ते. समजा एकाची तीन बिलं, ऑक्टोबर १२,०००, नोव्हेंबर ८,०००, जानेवारी ५,०००. जमा एकूण १५,०००. प्रत्येक बिलापुढं त्या बिलापर्यंतची चढती बेरीज मांडा: १२,०००, २०,०००, २५,०००. त्यातनं एकूण जमा वजा करा: उणे ३,०००, ५,०००, १०,०००. आता प्रत्येक बिलाला ही वजाबाकी आणि बिलाची रक्कम यातला लहान आकडा घ्या, उणे असेल तिथं शून्य. झालं शून्य, ५,०००, ५,०००. म्हणजे ऑक्टोबर फिटला, नोव्हेंबरातले पाच आणि जानेवारीचे पाच राहिले, एकूण १०,०००, ताळा जुळला. चढती बेरीज समइफ्सनं, लहान आकडा मिननं आणि शून्याचं मॅक्सनं. फंक्शनं तीनच, पण आख्खं दुकान त्यात येतं.

हे बिलवार करायचं हं, मालवार ओळींवर नको. आधी पिवटनं बिलवार बेरीज काढून घ्या आणि दुसऱ्या शीटवर व्हॅल्यू म्हणून चिकटवा.

बारदाना | १८ फेब्रुवारी, रात्री ११:२०

ताई केलं, बहुतेक खात्यांना बरोबर येतंय. पण काहींची नवीन बिलं फिटलेली आणि जुनी शिल्लक असं उलटंच दाखवतंय. समइफ्समधे अट "बिल नंबर या बिलाएवढा किंवा कमी" अशी घातलीय.

खतावणी | १८ फेब्रुवारी, रात्री ११:३५

एप्रिलला बिल नंबर परत १ पासून सुरू केले असणार. मागच्या वर्षीचं ८०० नंबरचं बिल यंदाच्या ४० नंबरच्या मागं जाऊन बसलं. तारखेची अट घालू नका, एकाच दिवशी दोन बिलं असली की दोन्हींची बेरीज सारखी येते आणि बाकी वाढून दिसते. तारखेप्रमाणे सॉर्ट करा आणि स्वतःचा एक अनुक्रमांक द्या, १ पासून शेवटपर्यंत, अट त्याच्यावर. वहीतनं आलेली मागील बाकी असेल तर ती प्रत्येक खात्याची पहिली ओळ, जुनी तारीख घालून.

बारदाना | १८ फेब्रुवारी, रात्री ११:५८

आलं!!! शेवटच्या पाच खात्यांचा वहीशी ताळा केला, रुपयाला रुपया. बाबांना झोपेतनं उठवून दाखवलं.

फोंडेकर | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:००

आता दिवसांचे गट करा, ३० ६० ९० दिवस, आणि नव्वदच्या वरचे सगळे लाल. आमच्या सीएनी मला तसंच करून दिलंय.

बारदाना | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:३०

दादा तुमचं हार्डवेअर आहे, इथं तसं चालत नाही. ऑक्टोबरला छाटणी झाली की औषध उधारीवर सुरू, द्राक्ष जानेवारी ते एप्रिल निघतं, पैसा तेव्हा. बेदाणा केला तर माल कोल्ड स्टोरेजला, भाव आला तर विकणार, मग कधी कधी दिवाळी उजाडते. नव्वदच्या वरचे सगळे लाल केले तर अख्खा तालुका लाल होतोय. मी गट असे करतोय: ९० दिवसांच्या आत, ९१ ते १८० म्हणजे हंगाम चालू, १८१ ते ३६५ म्हणजे बेदाणा अडकलाय, आणि ३६५ च्या वर म्हणजे अवघड आहे. इफच्या आत इफ घालून चालू आहे, कंसांनी डोकं फिरलंय.

चिंगी_डेटावाली | १९ फेब्रुवारी, सकाळी ९:५५

हे गट कुठल्याच क्लासात मिळाले नसते, ते तुम्हालाच माहीत. कंस सोडा. छोटी यादी करा, डावीकडे ०, ९१, १८१, ३६६ आणि उजवीकडे तुमची गटांची नावं. आजची तारीख वजा बिलाची तारीख, तो आकडा व्हीलुकअपनं या यादीत शोधा, आणि इथे चौथा भाग ट्रू द्या. पंतांनी ज्या "अंदाजे"ला शिव्या घातल्या तेच इथे हवंय, १२० शोधलं की ते खालचं ९१ पकडतं. यादी मात्र चढत्या क्रमानं.

पिवटपंत | १९ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

शिव्या घातल्या नव्हत्या. पण हो, हे बरोबर आहे.

खतावणी | १९ फेब्रुवारी, दुपारी १२:४०

हात बसलाच आहे तर जीएसटीचं पण याच पद्धतीनं करून टाका. १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर टू-बी येतं (पुरवठादारांनी तुमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची यादी), ते आणि तुमचं खरेदी रजिस्टर शेजारी शेजारी, पुरवठादाराचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून एक किल्ली करायची आणि दोन्ही बाजूंनी लुकअप. जे सापडत नाही त्या पुरवठादाराला २० तारखेच्या आत फोन. बिल नंबर मात्र आधी साफ करा, एकीकडे ००४५ आणि दुसरीकडे नुसते ४५ असतात, कुठं तिरकी रेघ, कुठं मागं न दिसणारी मोकळी जागा, आणि ती वेबवरनं आलेली असली की ट्रिमनं पण जात नाही, कॅरॅक्टर १६० असतो, सबस्टिट्यूटनं काढायला लागतो.

बारदाना | १२ मार्च, रात्री १०:४५

बरेच दिवस आलो नाही, हंगाम. क्लास लावला नाही, सहा हजारातनं कॉम्प्युटरला एसएसडी (जलद डिस्क) बसवून घेतली. महिन्याचा हिशोब या वेळी चाळीस मिनिटांत झाला, त्यातली पंधरा चहाला.

औषधांचं पण तसंच पिवट केलं, शेवटची विक्री कधी आणि एक्स्पायरी कधी. अडतीस प्रकारचा माल असा निघाला जो सहा महिन्यांत एकदाही विकला नाही आणि येत्या पावसाळ्याच्या आत बाद होतोय. काही बॉक्स कंपनीचा माणूस परत नेतो म्हणालाय.

आता उधारी. "अवघड आहे" गटाचं पिवट काढलं, मोठी रक्कम वर. पहिल्या दहा नावांत चार आमच्या भावकीतली. एक माझे सख्खे चुलते. मी इतके दिवस समजत होतो की पैसा लांबच्या गावात अडकलाय म्हणून पेट्रोल जाळून तिकडं फिरत होतो. बाबांना स्क्रीन दाखवली. त्यांनी खालीवर बघितलं, म्हणाले, फाईल बंद कर, जेवायला चल.

रिकामटेकडा७७ | १२ मार्च, रात्री १०:५२

याचा फॉर्म्युला पंतांकडे पण नसेल.

लोटसकाका | १३ मार्च, सकाळी ७:१०

बाबांना ते माहीत असणार हो. वहीत बेरीज गावाच्या खाली यायची, भावकीच्या खाली नाही, म्हणून इतकी वर्षं बरं चाललं होतं.

खतावणी | १३ मार्च, सकाळी ८:२५

एकच सांगते, फिल्टरमधनं काकांचं नाव काढू नका. मागायचे की सोडायचे ते घरात ठरवा, पण सोडलेच तर जमेच्या शीटवर "सोडले" म्हणून तारखेसकट नोंद करा. नाहीतर पुढच्या मार्चला ताळा परत जुळणार नाही आणि तुम्ही परत टिंबाच्या तारखा शोधत बसाल.

बारदाना | १४ मार्च, रात्री ९:३०

बोललो बाबांशी. काकांकडं ते स्वतः जाणार म्हणाले, बाकीचे तीन माझ्यावर. यादी छापून मागितलीय त्यांनी, मोबाईलवर बघत नाहीत. छापली तर वरचा मथळा पहिल्याच पानावर येतोय, पुढच्या पानांवर नुसते आकडे, कुठला रकाना काय ते कळत नाही.

पिवटपंत | १४ मार्च, रात्री ९:३४

पेज लेआउट, प्रिंट टायटल्स, रोज टू रिपीट ॲट टॉप, तिथं पहिली ओळ निवडा. रक्कम लाखाच्या स्वल्पविरामात यायला विंडोजच्या रीजन सेटिंगमधे इंडिया करा. आणि अक्षर मोठं ठेवा, बाबांना चष्मा असेल.

बारदाना | १४ मार्च, रात्री ९:५०

आलं. अकरा पानं झाली. उद्या सकाळी मणेराजुरीपासून सुरू करतोय, बाबा कवठे एकंदला.